जुन्या मोबाईलमधून सोनं खरंच निघतं का? खाणीपासून भंगारापर्यंतची केमिस्ट्री

गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारच्या व्हिडिओबद्दल मला सारखे मेसेज येतायत. प्लास्टिकच्या बादलीत मोबाईलचे सर्किट बोर्ड, त्यावर कसलंतरी ॲसिड, लालसर धूर, मग गाळणी, आणि शेवटी मुशीत चमकणारा सोन्याचा मणी. खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो: "भाऊ, माझ्याकडे दहा जुने फोन पडलेत, किती सोनं निघेल?"

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या: फोनमध्ये सोनं आहे, ते बाहेरही काढता येतं, पण घरी काढायला गेलात तर ॲसिडचे पैसेसुद्धा सुटणार नाहीत. आणि पैशांपेक्षा महाग पडेल ती तुमची छाती. हे असं का, हे समजायला थोडी केमिस्ट्री लागते. घाबरू नका, दहावीला झालीय तेवढीच आहे.

आधी हिशोब करू

सोनं गंजत नाही आणि वीज चांगली वाहून नेतं. म्हणून जिथे दोन भाग एकमेकांना टेकतात आणि तो जोड वर्षानुवर्षं चांगला राहायला हवा, तिथे सोन्याचा अतिशय पातळ थर देतात. तुमच्या सिमकार्डावरचे पिवळे पट्टे म्हणजे तोच थर. बोर्डावरच्या कनेक्टरवर तो असतो, काही चिपच्या आत केसापेक्षा बारीक तारा असतात, त्याही सोन्याच्या.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००६ मध्ये एका सरासरी मोबाईलचा हिशोब मांडला होता. बॅटरी सोडून ११३ ग्रॅमच्या फोनमध्ये साधारण १६ ग्रॅम तांबं, ०.३५ ग्रॅम चांदी, ०.०३४ ग्रॅम सोनं आणि ०.०१५ ग्रॅम पॅलेडियम. तो बटणांच्या फोनचा जमाना होता, त्यामुळे आजच्या फोनला हेच आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

०.०३४ ग्रॅम म्हणजे ३४ मिलिग्रॅम. घरी आजीला विचारलंत तर ती गुंजेत सांगेल: पाव गुंजेपेक्षा जरासं जास्त. सोन्याचा भाव सोयीसाठी १०,००० रुपये ग्रॅम धरला तर एका फोनमधलं सोनं झालं ३४० रुपयांचं. तेही शेवटचा कण बाहेर काढला तर.

आता हाच आकडा उलट बाजूने बघा. असे एक टन फोन गोळा केले, म्हणजे जवळजवळ ८,८५० फोन, तर त्यात ३०० ग्रॅम सोनं असतं. उघड्या खाणीतून खणलेल्या एक टन खडकात कित्येकदा फक्त एक-दोन ग्रॅम सोनं असतं आणि तरीही ती खाण फायद्यात चालते. म्हणजे भंगारातल्या फोनचा ढीग हा खडकापेक्षा शंभरपटीहून जास्त श्रीमंत आहे. टोकियो ऑलिंपिकची पदकं अशाच ढिगातून बनली. जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून, ज्यात सुमारे ६२ लाख मोबाईल होते, ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझसाठीचा धातू मिळाला. (ऑलिंपिकचं 'सुवर्ण'पदक आतून चांदीचं असतं, वर फक्त सहाएक ग्रॅम सोन्याचा मुलामा. नाहीतर ३२ किलो कुठले पुरायला!)

तर श्रीमंती आहे, पण ती टनांत आहे. दहा फोनांत नाही.

सोनं विरघळवायला दोघं लागतात

कुठल्याही खडकातून किंवा कचऱ्यातून धातू वेगळा काढायचे ढोबळमानाने दोन रस्ते. एक म्हणजे भट्टीत वितळवून. दुसरा म्हणजे हवा तो धातू एखाद्या द्रवात विरघळवायचा, उरलेला चोथा गाळून टाकायचा, आणि मग त्या द्रवातून धातू परत घट्ट रूपात खाली पाडायचा. चहा करतो तसंच आहे: अर्क पाण्यात, पावडर गाळणीत. कारखान्यात या पहिल्या टप्प्याला लीचिंग म्हणतात.

आता गंमत अशी की सोनं सहजासहजी विरघळतच नाही. म्हणून तर त्याची इतकी किंमत. नायट्रिक ॲसिडमध्ये तांबं विरघळतं, चांदी विरघळते, सोनं तसंच बसून राहतं. हायड्रोक्लोरिकमध्येही तेच. पण दोन्ही एकत्र केली, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, की सोनं विरघळतं. हेच ते आम्लराज. यात दोघांची कामं वेगळी आहेत. नायट्रिक सोन्याच्या अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि हायड्रोक्लोरिकमधले क्लोराइड लगेच त्या अणूला चारही बाजूंनी धरून द्रवात ओढतात. एकटं नायट्रिक थोडेफार इलेक्ट्रॉन काढतंही, पण धरून ठेवणारं कुणी नसल्यामुळे काम पुढे सरकत नाही.

यावरून एक भारी किस्सा. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवायला दिलेली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा तेव्हा गंभीर गुन्हा, आणि पदकांवर नावं कोरलेली. सापडली असती तर दोघांचं काही खरं नव्हतं. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज द हेवेशी यांनी ती सरळ आम्लराजात विरघळवली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. सैनिकांनी झडती घेतली, बाटलीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. युद्ध संपल्यावर त्याच द्रवातून सोनं परत काढलं गेलं आणि नोबेल संस्थेने त्याची पदकं पुन्हा घडवून दिली.

खाणवाले सायनाईड का वापरतात?

आम्लराज एका टनाला दोन ग्रॅम सोनं असलेल्या खडकावर ओतणं परवडणार नाही. खडकातली बाकीची सगळी खनिजंच ते पिऊन टाकतील. खाणीला असा द्रव हवा जो बाकी दगडाला फारसा हात न लावता सोनं तेवढं उचलेल. तो द्रव म्हणजे सोडियम सायनाईडचं अगदी पातळ पाणी. १८८७ मध्ये ग्लासगोत जॉन स्ट्युअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि थोड्याच वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या खाणी त्यावर चालू लागल्या. इथेही तीच जोडी आहे: हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन काढतो, सायनाईड अणूला धरतं.

मग त्या द्रवातून सोनं परत कसं मिळवायचं? पूर्वी जस्ताची भुकटी टाकायचे. जस्त जास्त क्रियाशील, ते स्वतः विरघळतं आणि सोन्याला बाहेर ढकलतं. आता बहुतेक ठिकाणी खास तयार केलेला कोळसा वापरतात आणि त्यासाठी सगळ्यात पसंतीचा कोळसा असतो नारळाच्या करवंटीचा. कारण तो कडक असतो, घुसळताना त्याचा भुगा होत नाही, आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांत सोनं छान चिकटून बसतं. कोकणात आपण बंबात घालतो ती करवंटी जगभरच्या खाणींत सोनं पकडते!

सायनाईडचं नाव ऐकून जी भीती वाटते ती खोटी नाही. टाकीत चुना घालून पाणी कायम अल्कधर्मी ठेवावं लागतं, कारण त्यात ॲसिड मिसळलं की हायड्रोजन सायनाईड हा जीवघेणा वायू सुटतो. ३० जानेवारी २००० ला रोमानियात बाया मारे इथल्या प्रकल्पाचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाईडमिश्रित पाणी नद्यांत गेलं. तिथून ते हंगेरीतल्या तिसा नदीत आणि पुढे डॅन्यूबमध्ये उतरलं, आणि वाटेतले मासे टनावारी मेले.

आपल्याकडे बघायचं तर केजीएफ आठवा. सिनेमा नव्हे, खरं कोलार गोल्ड फील्ड्स. तीन किलोमीटरपेक्षा खोल गेलेली ही खाण २००१ मध्ये बंद झाली, पण शंभरहून जास्त वर्षं दळलेल्या आणि सायनाईडने धुतलेल्या खडकाच्या भुकटीचे डोंगर अजून गावाभोवती उभे आहेत. लोक त्यांना सायनाईड डंपच म्हणतात. वारा सुटला की ती धूळ घराघरांत. त्या काळच्या पद्धतीने सगळं सोनं निघालं नव्हतं, थोडं त्या भुकटीत राहून गेलंय. भाव इतका चढल्यावर ते परत काढणं परवडेल असं गणित मांडलं गेलं आणि २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने त्या ढिगांवर पुन्हा काम करायच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. कालचा कचरा आज खाण झाला. सिनेमाच्या तिसऱ्या भागाला हा विषय घ्यायला हरकत नाही.

आमच्याकडची गलाई

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. सांगली जिल्ह्याच्या या दुष्काळी पट्ट्यातली, विटा, आटपाडी, खानापूर भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलीत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. माझे एक चुलते चाळीस वर्षं तामिळनाडूत होते. त्यांना आम्लराजाचं समीकरण येत नाही, पण या विषयातलं मला जे कळतं त्यातलं अर्धं त्यांच्याकडून कळलंय.

जुना दागिना येतो तेव्हा त्यात तांबं, चांदी मिसळलेली असते. वाटेल, टाकला नायट्रिकमध्ये (ते तेजाब म्हणतात) की झालं. होत नाही. सोनं जास्त असेल तर ते आतल्या चांदीला झाकून बसतं, तेजाब आत पोचतच नाही. म्हणून काका आधी उलटंच करायचे: त्यात आणखी चांदी मिसळून वितळवायचे, इतकी की सोनं साधारण चौथा हिस्सा उरेल. मग तेजाबात टाकलं की चांदी-तांबं पार आतपर्यंत विरघळतं आणि तळाला राहते तपकिरी भुकटी. ती सोनं आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. मुशीत टाकणखार घालून वितळवली की पिवळा रंग येतो. उरलेल्या निळ्या-हिरव्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या, की तांबं विरघळतं आणि चांदी परत खाली बसते. दहावीला धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ केली होती ना? तिचा असा उपयोग असतो, आणि हे काम करणाऱ्या बहुतेकांनी ती श्रेणी कधी कागदावर पाहिलेली नाही.

काकांना विचारलं, "मोबाईलच्या बोर्डावरचं काढाल का?" ते म्हणाले, "बाळा, दागिन्यात मला माहीत असतं काय काय आहे. त्या बोर्डात काय आहे ते देवाला माहीत. आणि धूर कसला येईल तेही." हे सांगताना ते मध्ये दोनदा खोकायला थांबले. नायट्रिक धातूवर पडलं की जो लालसर धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. श्वासातून गेल्यावर त्रास कधीकधी लगेच होत नाही. माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. जुन्या दुकानांत धूर ओढून घेणारी यंत्रणा नसायची, दरवाजा उघडा ठेवायचा एवढंच. काकांच्या पिढीतल्या कित्येकांची छाती अशीच गेली.

बादलीत नेमकं काय चुकतं?

काकांचा मुद्दा बरोबर आहे. फोनमध्ये सोन्याच्या जवळजवळ पाचशेपट तांबं आहे, शिवाय कथील, निकेल, लोखंड, जुन्या बोर्डात शिसं. ॲसिड आधी या सगळ्यांवर खर्च होतं, सोन्याची पाळी शेवटी येते. थोडं सोनं विरघळलं तरी शेजारी न विरघळलेलं तांबं असेल तर ते सोन्याला परत बाहेर ढकलतं आणि ते कचऱ्यावर पुन्हा चिकटून बसतं. चिपच्या आतल्या तारांपर्यंत तर ॲसिड पोचतच नाही. म्हणून ते व्हिडिओवाले नीट बघाल तर मोबाईल दाखवतात आणि काम करतात जुन्या कॉम्प्युटरच्या रॅमच्या पट्ट्यांवर किंवा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर, ज्यात सोनं जास्त आणि उघडं असतं.

बंगळुरूमधल्या अशा परसदारी चालणाऱ्या कामाचा अभ्यास झाला होता. बोर्डातल्या सोन्यापैकी जेमतेम २५ टक्के हाती लागत होतं. चांगल्या कारखान्यात हे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जातं. आपल्या ३४० रुपयांचे झाले ८५. आणि ते ८५ रुपये मिळवताना उरलेलं पाणी, ज्यात तांबं, निकेल, शिसं आणि ॲसिड आहे, ते कुठे ओतणार? मोरीत?

दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादला रामगंगेच्या काठी हेच वर्षानुवर्षं चाललंय. बोर्ड शेकोटीवर तापवून भाग सुटे करायचे, उरलेलं जाळायचं, राख धुवायची, ॲसिड नाल्यात. चीनमधलं गुईयू हे गाव यासाठी जगभर कुप्रसिद्ध झालं. तिथल्या मुलांच्या रक्तात शेजारच्या गावातल्या मुलांपेक्षा जास्त शिसं सापडलं. हे काम करणारी माणसं मूर्ख नाहीत, लोभीही नाहीत. दिवसाची मजुरी मिळते म्हणून करतात. पण तुम्हाला हे हौसेपोटी करायचं असेल तर कृपा करून करू नका. आणि आपल्या देशात ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे हे काम करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, हेही लक्षात ठेवा.

मग कारखाने काय वेगळं करतात?

बेल्जियममधल्या होबोकेनला युमिकोर कंपनीचा मोठा कारखाना आहे, स्वीडनमध्ये बोलिडेनचा रोनशेर. तिथली युक्ती मला फार आवडते: सोन्याच्या मागे धावायचंच नाही, तांब्याला धावू द्यायचं. बोर्डांचे तुकडे हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत जातात. बोर्डातलं प्लास्टिक तिथे इंधनाचं काम करतं, आणि धूर थेट आकाशात न सोडता धुऊन, गाळून घेतात. वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम स्वतःत सामावून घेतं. मग त्या तांब्याच्या लाद्या ओतून विजेच्या टाकीत लटकवतात. वीज सोडली की तांबं एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाऊन शुद्ध होतं, आणि सोनं-चांदी विरघळत नसल्यामुळे खाली गाळ म्हणून साचतात. तांबं शुद्ध करताना तळाला पडणारा हा गाळ म्हणजे खरा खजिना. पुढे तो गाळ आणि काकांची गलाई यात तत्त्व तेच, फक्त धुराची सोय असते.

यातही सगळं मिळत नाही. कपॅसिटरमधलं टँटालम, स्पीकरच्या चुंबकातलं निओडिमियम भट्टीच्या मळीत जातं.

बॅटरीचा रस्ता वेगळा. ती आधी डिस्चार्ज करून फोडतात, आतून काळी भुकटी मिळते. सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ती विरघळवली की कोबाल्ट, निकेल, लिथियम सगळं एकाच पाण्यात येतं. मग तेलासारखा एक द्रव त्यात घुसळतात, जो बरोबर कोबाल्टला पकडून वर तरंगतो आणि निकेलला खाली सोडतो. शेवटी धुण्याचा सोडा घातला की लिथियम कार्बोनेट खाली बसतं.

नवीन प्रयोगही चालू आहेत. ब्रिटनच्या टांकसाळीने २०२४ मध्ये वेल्समध्ये कारखाना सुरू केला, तिथे भट्टीशिवाय, साध्या तापमानाला सोनं काही मिनिटांत बोर्डावरून उतरवतात. त्याच वर्षी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांचा स्पंज बनवला आणि त्याने विरघळलेलं सोनं शोषून घेतलं. २० जुन्या मदरबोर्डांमधून ४५० मिलिग्रॅमचा, २२ कॅरेटचा गोळा निघाला. आपल्याकडे सी-मेट या सरकारी संस्थेच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत बोर्डांतून धातू काढण्यावर काम चालतं. तिचीच एक प्रयोगशाळा पुण्यात पाषाण रस्त्याजवळ आहे.

तुमच्या कपाटातल्या फोनचं काय?

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेला बराचसा कुठल्यातरी शेकोटीवर, कचरा डेपोत किंवा तुमच्या-माझ्या कपाटात आहे. एकदा टनांनी माल जमला तरच वरची सगळी केमिस्ट्री परवडते, म्हणून कपाटातला फोन बाहेर पडणं महत्त्वाचं.

फोन चालू असेल तर आधी कुणाला तरी वापरायला द्या. चालू फोनची किंमत त्यातल्या धातूपेक्षा कितीतरी जास्त असते. बंदच पडला असेल तर ज्या कंपनीचा आहे तिच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. जुनं उपकरण परत घ्यायची व्यवस्था करणं ही नियमाप्रमाणे कंपनीची जबाबदारी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर नोंदणी झालेल्या रिसायकलर्सची यादी मिळते. आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, गोळा करायचं काम त्याच्याइतकं चांगलं कुणीच करत नाही. फक्त बोर्ड पुढे कुणाला विकतोस, एवढं त्याला विचारून बघा.

देण्याआधी बॅकअप घ्या, अकाउंट लॉगआऊट करून फॅक्टरी रिसेट मारा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. बॅटरी फुगलेली असेल तर तिला दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. तो फोन पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि सगळ्यात आधी तोच नेऊन द्या. बाकीचे पुढच्या आठवड्यात नेले तरी चालतील.